जाळीवरची पाखरं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जाळीच्या कॅनव्हासवर लोकरीने भरलेली जुनी पक्षीचित्रं आणि गाणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा हंगाम, या दोन्हींबद्दल मराठवाड्यातून आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. एकत्र घेण्याला कारण आहे. नर कोणत्या महिन्यात कोणत्या रंगात असतो, मादीसमोर शेपटी कशी धरतो, घरटं कोण बांधतं, हे ठाऊक नसेल तर टाका कितीही सुबक पडला तरी चित्र चुकतं.

प्रश्न : आजीच्या पेटीत काचेच्या चौकटीतलं लोकरीचं भरतकाम सापडलं. काटेरी पानांच्या फांदीवर दोन पक्षी आहेत. पाठ तपकिरी, तोंड आणि छाती नारिंगी, पोट पांढरट. एकाच्या चोचीत अळी आहे आणि दुसऱ्याने चोच उघडली आहे. घरात सगळे याला ‘बुलबुल आणि त्याचं पिल्लू’ म्हणतात. बरोबर आहे का? चित्र किती जुनं असेल? (अंबाजोगाई)

बुलबुल नाही आणि पिल्लूही नाही. आपल्या बुलबुलाचं डोकं काळं, त्यावर छोटा तुरा आणि लाल रंग शेपटीच्या बुडाशी असतो, छातीवर नसतो. तुमच्या चित्रातला पक्षी युरोपातला रॉबिन आहे. तो आपल्याकडे आढळत नाही. आपल्या चीरक पक्ष्यालाही इंग्रजीत रॉबिनच म्हणतात, पण चीरकाचा नर काळा असतो, खांद्यावर पांढरा पट्टा असतो आणि तांबूस रंग शेपटीखाली असतो.

युरोपातल्या रॉबिनमध्ये नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. हिवाळ्यात दोघं आपापली वेगळी हद्द राखतात आणि दोघंही गातात. वसंतात जोडी जमली की नर मादीला खाऊ भरवतो आणि मादी पिल्लासारखी पंख थरथरवत चोच उघडते. तुमच्या चौकटीत तोच क्षण आहे. पिल्लू असतं तर छाती नारिंगी नसती, कारण रॉबिनचं पिल्लू ठिपकेदार तपकिरी असतं. मूळ नमुना काढणाऱ्याने पक्षी नीट पाहिला होता, हे यावरून कळतं.

असे नमुने आले कुठून? बर्लिनच्या फिलिप्सन नावाच्या चित्रविक्रेत्याने १८०४ मध्ये चौकटीच्या कागदावर रंगीत नमुने छापले. एक चौकोन म्हणजे एक टाका. हे कागद आणि सोबतची मऊ मेरिनो लोकर युरोपभर गेली, आणि पुढे नमुन्यांची पुस्तकं आणि शिवणकामाचे वर्ग यांच्या वाटेने आपल्याकडेही पोचली. म्हणून जुन्या घरांत रॉबिन, गोल्डफिंच असे इथे कधी न दिसलेले पक्षी भिंतीवर सापडतात.

वय ठरवायचं तर चौकट उघडून मागची बाजू बघा. टाके विरळ झालेल्या जागी जाळीच्या दोऱ्यावर रंगाचे ठसे दिसले तर चित्र छापील कॅनव्हासवर भरलेलं आहे. जाळी कोरी असेल तर कागदावरून मोजून भरलेलं. भडक जांभळा किंवा राणी रंग असेल तर काम १८५६ नंतरचं, कारण रसायनातून काढलेला पहिला जांभळा रंग त्या वर्षीचा. पण यावरून काम त्याआधीचं नाही एवढंच कळतं. तसे भडक रंग पुढेही बराच काळ वापरात होते. नुसत्या रंगावरून ‘दीडशे वर्षांपूर्वीचं’ असं कुणी सांगितलं तर मानू नका. चौकट उघडलीच आहे तर मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. तिथे ऊन लागलेलं नसतं, त्यामुळे मूळ रंग तिथेच कळतात.

प्रश्न : लोकरीने भरलेली बुलबुलाची जुनी चौकट आहे. धूळ बसली आहे, कडेला तपकिरी डाग आहेत आणि एका पंखाला कसर लागून भोकं पडली आहेत. साबणाच्या पाण्यात बुडवून धुतली तर चालेल का? (परभणी)

धुवू नका. पाण्यात तीन गोष्टी एकदम होतात. जुने लाल आणि जांभळे रंग सुटून पांढऱ्या भागात उतरतात, जाळीची खळ विरघळून कापड लुळं पडतं आणि चोळल्याने लोकर आटून नमद्यासारखी होते. यातलं काहीच परत फिरवता येत नाही.

आधी चौकटीतून काढा. काच खाली आणि पाठ वर अशी चौकट टेबलावर ठेवा. मागचा कागद कापा. चुका, म्हणजे बारीक खिळे, पकडीने ओढू नका. चपट्या पेचकसाने खालून उचला, नाहीतर कॅनव्हासची कड फाटते. लोकर काचेला चिकटली असेल तर पोस्टकार्डासारखा पातळ, गुळगुळीत पुठ्ठा मध्ये हळूहळू सरकवा.

धुळीसाठी मच्छरदाणीचा तुकडा चित्रावर पसरा. व्हॅक्यूम क्लीनर सर्वांत कमी जोरावर ठेवा, नळीचं तोंड दोन सेंटिमीटर वर धरा, आधी मागची बाजू आणि मग पुढची करा. जाळी मध्ये हवीच, नाहीतर सैल धागा नळीत ओढला जातो. मशीन नसेल तर चित्र तिरकं धरून मऊ ब्रशने वरून खाली झाडा. एवढ्यानेच बहुतेक चौकटी उजळतात, आणि खरं तर तिथेच थांबावं.

कसरीचा बंदोबस्त वेगळा. भोकं पाडते ती अळी, उडणारा पतंग नाही, आणि अळी टाक्यांच्या आत असते. कडुलिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या ठेवून आतली अळी मरेलच असं नाही. शिवाय गोळी लोकरीला टेकली तर डाग पडू शकतो. खात्रीचा उपाय थंडीचा आहे. भरतकाम प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड पक्कं बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. साध्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा इतका थंड नसतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण एक दिवस तशीच राहू द्या, म्हणजे दमट हवेचं पाणी लोकरीवर न जमता पिशवीच्या बाहेर जमतं. मग पुन्हा ब्रश फिरवून अंडी आणि कचरा काढा.

तपकिरी डाग मागच्या हलक्या पुठ्ठ्याचे किंवा प्लायवूडचे असतात. त्यांतलं आम्ल ओलाव्याबरोबर कापडात उतरतं. ब्लीच लावू नका, डाग जाण्याआधी धागा कुजेल. फ्रेमवाल्याकडून आम्लमुक्त पुठ्ठा मागवून घ्या आणि काच लोकरीला टेकणार नाही अशी पाच मिलिमीटरची पट्टी मध्ये बसवायला सांगा.

भोकांचं तेवढं भिण्यासारखं नाही. कसर लोकर खाते, सुती जाळी बहुधा सोडते. जाळी शाबूत असेल तर गेलेले टाके त्याच भोकांतून पुन्हा घालता येतात. लोकरीचा रंग मात्र पुढच्या विटलेल्या रंगाशी जुळवा, मागच्या ताज्या रंगाशी नाही. जुना एकही टाका उसवू नका. चौकट पुन्हा लावताना पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत टाळा, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन जिथे पोचतं ती तर टाळाच.

प्रश्न : दारातल्या जास्वंदीवर सूर्यपक्ष्यांची जोडी येते. नर काळा-निळा चमकतो, मादी साधी. ही जोडी खऱ्या आकाराची भरायची आहे. कॅनव्हास कोणता, रंग कोणते आणि ती चमक कशी आणायची? (लातूर)

जांभळा सूर्यपक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण चार इंचांचा, खरं तर किंचित कमीच. इंचाला १४ भोकांच्या कॅनव्हासवर चार इंच म्हणजे ५६ टाके. एवढ्यात डोळा, चोच आणि पंखाची कड नीट बसते. इंचाला १० भोकांचा घेतला तर ४०च टाके मिळतात आणि चोच जाड दिसते. १८ भोकांवर काम फार सुंदर होतं, पण नजरेला ताण आहे. १४ भोकांना २० नंबरची बोथट टॅपेस्ट्री सुई आणि सहा पदरी सुती अँकर धागा पुरतो. विणकामाची ॲक्रिलिक लोकर नको; ती ताणली जाते आणि जाळीवर घासून तिला लव सुटते.

रंगाच्या आधी दिशा ठरवा, कारण इथेच बरीच कामं बिघडतात. तिरपा टाका डावीकडे खालून उजवीकडे वर जातो. त्याच दिशेची रेघ सलग दिसते. उलट्या दिशेची, म्हणजे डावीकडे वरून उजवीकडे खाली येणारी रेघ सुट्या दाण्यांसारखी तुटक दिसते. सूर्यपक्ष्याची चोच बारीक आणि बाकदार. पक्षी उजवीकडे बघत चोच खाली करून बसलेला काढलात तर ती चोच कधीच साफ येणार नाही. तोच पक्षी उजवीकडे मान उंचावून बसवा, चोच वर जाईल आणि रेघ गुळगुळीत येईल.

आणि गंमत म्हणजे मादीपुढे नर तसाच बसतो. मान वर, शेपटी पसरलेली, पंख फडफडते आणि अखंड बारीक चिवचिवाट. त्या वेळी पंखाच्या बुडाशी छातीच्या बाजूला लपलेले नारिंगी-पिवळे पिसांचे झुबके उघडे पडतात. एरवी ते दिसत नाहीत. चार टाके पुरे : दोन नारिंगी, दोन पिवळे, शेजारी शेजारी. जास्त घातलेत तर जखम झाल्यासारखं दिसतं.

चमकीसाठी जरीचा धागा नको, पक्षी खेळण्यातला वाटतो. सहा पदर सुटे करा. पाठीला चार पदर काळे आणि दोन गडद जांभळे एकाच सुईत ओवा. डोक्याला आणि गळ्याला तीन काळे, दोन गडद निळे, एक मोरपंखी. पदर सुटे करून पुन्हा एकत्र केले की धागा फुगतो आणि जाळी चांगली झाकली जाते. उजेडाची जागा एकच ठेवा, खांद्यावर. तिथे पाच-सहा टाक्यांत मोरपंखीचा पदर वाढवा. पंख काळसर तपकिरीच ठेवा, त्यांना चमक नसते. मादीची पाठ मेंदी-तपकिरी, पोट फिकट पिवळं.

हे रूप विणीच्या दिवसांतलं आहे, आपल्याकडे मुख्यतः उन्हाळ्यातलं. हंगाम संपला की नर मादीसारखा होतो, फक्त गळ्यापासून छातीवर एक काळी रेघ उरते. त्यामुळे दिवाळीतल्या झेंडूवर काळाकुळकुळीत नर भरलात तर जाणकाराच्या नजरेला खटकेल. घरटं दाखवायचं असेल तर त्याच्याजवळ मादीला बसवा. कोळ्याच्या जाळ्याने कचरा चिकटवून लोंबती पिशवी ती एकटीच करते. नर पुढे पिल्लं भरवायला मदत करतो.

प्रश्न : दयाळ पक्षी भरून पूर्ण केला, पण चौकोनी कॅनव्हास पतंगासारखा तिरका झाला. इस्त्रीने सरळ होत नाही. (जालना)

सगळे टाके एकाच बाजूला ओढतात, म्हणून जाळी तिरपते. आडव्या ओळीने अर्ध्या फुलीचा टाका घातला की हे हमखास होतं, आणि हात घट्ट असेल तर जास्तच. पुढच्या वेळी मोठा भाग कोपऱ्यातून सुरू करून कर्णरेषेत भरा : एक ओळ वर चढत, दुसरी खाली उतरत. मागे विणलेल्या टोपलीसारखी वीण पडते आणि ओढ दोन्ही बाजूंनी सारखी होते. कॅनव्हास गोल रिंगमध्ये न लावता लाकडी चौकटीवर ताणून घ्या.

झालेलं काम सरळ करता येतं. आधी ओल्या पांढऱ्या कापसाने रंग सुटतो का ते मागून तपासा. मग मऊ लाकडाच्या फळीवर प्लॅस्टिक पसरा आणि त्यावर चित्राच्या खऱ्या मापाचा काटकोनी चौकोन आखा. भरतकाम ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून दमट करा, उलटं ठेवा, आखूड झालेले दोन समोरासमोरचे कोपरे दोघांनी धरून ओढा आणि रेघेवर दर दोन सेंटिमीटरला न गंजणारी टाचणी लावा. टाचणी कोऱ्या कडेत, टाक्यांत नाही. सावलीत पूर्ण वाळू द्या. आपल्या कोरड्या हवेत एक दिवस, श्रावणात दोन-तीन. अर्धवट वाळल्यावर काढलंत तर ते पुन्हा तिरकं होईल. एकदा न जमलं तर पुन्हा करा. इस्त्री मात्र नको, लोकर चपटी होते.

प्रश्न : शेतातल्या विहिरीवर बाभळीला सुगरणीचे खोपे आहेत. बरेच अर्धवट, घंटेसारखे. माणसांच्या वावराने पक्षी सोडून गेले का? आणि असा खोपा भरायचा तर टाका कोणता? (हिंगोली)

ते अर्धवट खोपे मादीने पसंत करावेत म्हणूनच असतात. विणकाम नर करतो. पाऊस सुरू झाला की त्याचं डोकं आणि छाती पिवळी होते, तोंडावर गडद मुखवटा येतो, आणि तो गवताच्या, शिंदीच्या किंवा भातासारख्या पिकाच्या पात्याच्या लांब पट्ट्या फाडून आणतो. पूर्ण खोप्याला पाचशेच्या आसपास फेऱ्या होतात. आधी गाठीचा देठ, मग कडं, मग कड्यावर घुमट. इथे तो थांबतो. मादी आली की अर्ध्या खोप्याला लटकून पंख फडफडवतो आणि ओरडतो. मादी आत शिरून मधल्या दांडीवर बसते, वीण ओढून बघते. पसंत पडला तर नर अंड्यांची खोली बंद करून लांब नळीचं दार विणतो. नापसंत झाला तर खोपा तसाच राहतो, किंवा तो स्वतःच मोडून टाकतो. आणि एक मादी बसली की तोच नर दुसरा खोपा सुरू करतो. म्हणून एका झाडावर पुरे आणि अर्धे दोन्ही दिसतात. विहिरीवर लोंबणारी फांदी तो सापापासून आणि इतर शिकाऱ्यांपासून बचावासाठी निवडतो. तुमच्या वावराचा त्याच्याशी संबंध नाही.

अर्ध्या खोप्यात आतून ओली माती थापलेली असते. जवळून बघायला मिळाली तर रंग टिपून घ्या.

भरताना खोप्याला तिरपा टाका वापरू नका. सगळीकडे सारखा दाणा पडून खोप्याची माती होते. बाकी पक्षी आणि पार्श्वभूमी तिरप्या टाक्याने भरा, पण खोप्याच्या आकारात तीन ते सात जाळ्या लांबीचे सरळ टाके वेगवेगळ्या कोनांत, एकावर एक चढवत घाला. आधी खालचा थर गडद, मग वरचा फिका. नव्या खोप्याची पाती हिरवी असतात आणि वाळून पेंढ्याच्या रंगाची होतात. म्हणून नर लटकलेला अर्धा खोपा हिरवट, शेजारचा पुरा झालेला पिवळट. झाडाच्या पूर्वेकडे खोपे जास्त दिसतात, कारण पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो. फांदी काढताना तेही लक्षात घ्या. पक्ष्यांच्या जोडीत मादी चिमणीसारखी तपकिरी ठेवा, पिवळी नको.

नमुन्यासाठी खोपा तोडून आणू नका. विणीनंतर रिकामे झालेले खोपे मुनिया वापरतात. फोटो पुरतो.

प्रश्न : कुंडीतल्या झाडाचं पान शिंपी पक्ष्याने शिवलं आहे. नर शिवतो की मादी? माझ्याकडचे लोकरीचे तुकडे त्यांच्यासाठी बाहेर ठेवले तर घेतील का? (नांदेड)

शिवते मादी. नर त्या दिवसांत त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठ्याने ‘टुविट-टुविट’ करत राहतो, आणि त्याच्या शेपटीची मधली दोन पिसं लांब टोकदार होतात. नर-मादी ओळखायची खूण तीच.

एखादं मोठं पान वाकवून किंवा दोन पानं जवळ घेऊन मादी कडेला चोचीने बारीक भोकं पाडते आणि त्यांतून कापसाचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा तंतू घालते. गाठ ती मारत नाही. तंतूचं बाहेर आलेलं टोक फुलून जाड होतं आणि रिबिटासारखं भोकात अडकून बसतं. भोकं बारीक असल्यामुळे पान वाळत नाही, हिरवंच राहतं आणि घरटं झाकलं जातं. पान उलगडून आत बघू नका. शिवण सुटली की ती पुन्हा तिथे येणार नाही.

जाळीच्या भरतकामातही मागे गाठ मारत नाहीत, कारण चौकटीत ताणल्यावर ती पुढून फुगवटा होऊन दिसते. धाग्याच्या टोकाला गाठ मारून सुई पुढच्या बाजूने आत घाला, जिथे भरायचं आहे तिथून तीन सेंटिमीटर पुढे. भरत गाठीपर्यंत या, मागचा धागा टाक्यांखाली आपोआप दबतो, मग गाठ कापून टाका. संपवताना मागच्या पाच-सहा टाक्यांखालून सुई सरकवा. काळा धागा पांढऱ्याच्या मागून नेऊ नका. दयाळाच्या पोटावर ती सावली पुढून दिसते.

लोकरीचे तुकडे मात्र बाहेर ठेवू नका. लांब धागा पिल्लाच्या पायाला किंवा मानेला गुंडाळला जातो, वाढत्या अंगाला आवळतो आणि पाय जातो. ॲक्रिलिक आणि नायलॉन तर कुजतही नाहीत. द्यायचंच असेल तर कपाशीचं बोंड सरकीसकट तारेत अडकवून ठेवा. शिंपी, बुलबुल, सूर्यपक्षी हवा तेवढा कापूस ओढून नेतात.

प्रश्न : रुखवतासाठी ‘गाणाऱ्या पक्ष्यांच्या जोड्या’ असा संच करते आहे. मोर, पोपट, कोकीळ आणि पैठणीतली मुनिया घेतली तर? (पैठण)

देखणा होईल, पण यांतला एकही गाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातला नाही. पैठणीच्या काठावरची मुनिया हिरव्या पोपटासारखी विणतात. तो विणकराचा आकार आहे आणि तो तसाच उतरवावा. त्याचा आलेख जाळीवर नेणं सोपं, कारण पैठणीची नक्षीही दोरे मोजूनच चढते. कोकीळ कोकिळकुळातला. गाणारे पक्षी लहानपणी मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतात. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं आणि तरीही ‘कुहू’च करतं. कावळा मात्र शास्त्राप्रमाणे गाणाऱ्या कुळात मोडतो! कोकिळाची जोडी भरणारच असाल तर नर काळा, डोळा लाल, आणि मादी तपकिरी अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची करा. दोन्ही काळे भरलेले संच फार दिसतात.

संचाला खरे गाणारे हवे असतील तर दयाळ, चीरक, सुभग आणि सूर्यपक्षी घ्या. चौघांतही नर-मादी वेगळे दिसतात, त्यामुळे जोडी म्हणून शोभतात.

प्रश्न : पक्ष्यांचं प्रियाराधन प्रत्यक्ष बघून स्केच करायचं आहे. कोणत्या महिन्यात कुठे बघावं? दुकानातून मुनियाची जोडी आणून नमुना म्हणून ठेवली तर? (बीड)

दुसऱ्याचं उत्तर आधी : नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले रानपक्षी पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे. शिवाय पिंजऱ्यातल्या भेदरलेल्या पक्ष्यात तुम्हाला हवी ती ऐट दिसणारही नाही.

लांब जायची गरज नाही. मार्चपासून पहाटे तारेवर किंवा कडुलिंबाच्या शेंड्यावर दयाळ गातो. मादी जवळ आली की अंग फुगवतो, शेपटी उभी करून पंख्यासारखी उघडतो. चीरक बांधावर, दगडांच्या राशीवर, विहिरीच्या कठड्यावर दिसतो. तो शेपटी पाठीवर इतकी उलटवतो की खालचा तांबूस रंग समोरून दिसतो; स्केचला यापेक्षा सोपा पक्षी नाही, कारण तो एका जागी बराच वेळ थांबतो. माळरानावर आणि पडीक वावरात डोंबारी चंडोल बघा. चिमणीएवढा, नराचं पोट काळं, डोक्यावर राखाडी. पंख थरथरवत तीसेक मीटर वर चढतो, पंख मिटून शीळ घालत जमिनीकडे कोसळतो, आणि टेकायच्या आत पुन्हा वर उचलतो. ही हालचाल जाळीवर उतरत नाही, पण खाली बसलेली वाळूच्या रंगाची मादी आणि वर एक काळा ठिपका, एवढ्यावर चित्र उभं राहतं. पाऊस लागला की सुभगाकडे वळा. नर हवेत झेपावतो, कमरेवरची फिकी हिरवट पिसं फुलवून चेंडूसारखा गोल होतो आणि गिरक्या घेत त्याच फांदीवर उतरतो.

हिवाळ्यात ज्वारीवर येणाऱ्या भोरड्यांचे थवे बघून प्रियाराधन शोधू नका. त्या इथे फक्त खायला येतात. त्यांची वीण मध्य आशियाच्या बाजूला होते.

दुर्बीण वापरा आणि पक्षी गाणं थांबवून तुमच्याकडे बघू लागला तर मागे सरका. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावणं अगदी टाळा. नराला हद्दीत दुसरा नर शिरल्यासारखं वाटतं. तो गाणं, खाणं आणि घरट्यावरची राखण सोडून त्या आवाजामागे धावतो.

प्रश्न : आठ बाय दहा इंचांच्या चित्राला लोकर किती लागेल? मागच्या वेळी आकाशाची निळी लोकर संपली आणि नवी आणली तिची छटा वेगळी निघाली. (धाराशिव)

इंचाला १० भोकं धरून हिशेब असा. एका चौरस इंचात १०० टाके. मागून लांब तिरका जाणारा पूर्ण टाका घातला तर चौरस इंचाला सुमारे ९३ सेंटिमीटर लोकर, अर्ध्या फुलीचा घातला तर सुमारे ६१. तुमचे ८० चौरस इंच म्हणजे पूर्ण टाक्याला ७४ मीटर. सुरुवात-शेवटाची टोकं आणि उसवण यांसाठी वर वीस टक्के धरा, साधारण ९० मीटर. आठ मीटरची लडी असेल तर बारा लड्या. अर्ध्या फुलीने ६० मीटर, आठ लड्या. पण अर्ध्या फुलीला मागे लोकर कमी राहते, त्यामुळे उशी किंवा आसन लवकर झिजतं. भिंतीवरच्या चौकटीला चालते. हात सैल-घट्ट असतो, म्हणून कोऱ्या कडेवर एक चौरस इंच स्वतः भरून लोकर मोजा आणि त्या आकड्याने गुणा.

आकाश आणि पार्श्वभूमी मिळून बऱ्याचदा अर्ध्याहून जास्त चित्र व्यापतात. त्या रंगाच्या सगळ्या लड्या एकाच वेळी घ्या आणि वेष्टनावरचा रंगाच्या घाण्याचा क्रमांक सारखा आहे का ते बघा. रंगाचा नंबर तोच असला तरी घाणा वेगळा असेल तर छटा हलते. तुमच्याकडे अर्धं आकाश भरून झालं असेल तर नवी लोकर सरळ ओळीने सुरू करू नका, तिथे पट्टा उठून दिसेल. राहिलेल्या भागात एक टाका जुन्या लोकरीचा, दोन नव्याचे असे विखरून दहा-बारा ओळी भरा आणि मग पूर्ण नव्यावर या. जुनी लोकर त्यासाठी थोडी राखलेली हवी. नसेल तर चौकटीत दबणाऱ्या कडेचे टाके उसवून ती मिळते. सुईत एका वेळी ४५ सेंटिमीटरपेक्षा लांब धागा घेऊ नका. जाळीतून वारंवार जाऊन तो बारीक होतो, आणि मग तीच लोकर शेवटच्या टाक्यांत फिकी दिसते.